पेवातला पडदा

“पडद्यात कोणताही दोष आढळून आला नाही. संच बंद असताना पडद्यावर दिसणारी आकृती म्हणजे खोलीत मागील बाजूस उभ्या असलेल्या इसमाचे प्रतिबिंब होय. ग्राहकास समजावून सांगितले.”

अठ्ठ्याण्णव इंची टीव्ही तपासून कंपनीच्या तंत्रज्ञाने पाठवलेला हा अभिप्राय पुष्पांजलीने आधी उभ्याने वाचला, मग खुर्ची ओढून बसून वाचला. बुलढाण्याच्या महाविद्यालयात इतिहास शिकवण्यात तिची उमेदीची वर्षे गेली होती. सनदा, महजर, इंग्रजी अमदानीतले बंदोबस्ताचे अहवाल, थोडक्यात सत्तेने निश्चिंत मनाने लिहून ठेवलेली वाक्ये, सोलून आत काय आहे ते पाहणे हा तिचा व्यवसाय होता, आणि या व्यवसायात आपल्या तोडीचे लोक वऱ्हाडात फार नाहीत हे तिला ठाऊक होते. तिने ही वाक्येही सोलली.

पहिले खरे मानायला तिची हरकत नव्हती. शेवटचे धडधडीत खोटे होते. समजावून सांगण्याइतका वेळ तो तंत्रज्ञ बीबी गावात, तिच्या भावाच्या घरी, थांबलाच नव्हता. हत्यारांची पिशवी कशीबशी आवळून तो तळघराचा जिना चढला होता, तिची भावजय करिष्मा हिने पुढे केलेल्या चहाकडे त्याने पाहिलेही नव्हते, आणि अभिप्राय त्याने मोटारसायकल मेहकरच्या पुढे गेल्यावर फोनवरून पाठवला होता. राहिले मधले वाक्य. ‘इसम’ हा सरकारी कागदांचा लाडका शब्द. माणसाचे नाव ठाऊक नसते, किंवा ठाऊक करून घ्यायचे नसते, तेव्हा तो कामाला येतो. तपासणी चालू असताना तिचा धाकटा भाऊ भागवत पुढच्या रांगेत बसला होता आणि तंत्रज्ञ त्याच्या शेजारी रिमोट घेऊन बसला होता. करिष्मा वर स्वयंपाकघरात होती, वडील मारुतीच्या पारावर होते, आणि पुष्पांजली स्वतः बुलढाण्यात वर्गावर होती. मागील बाजूस कोणी उभे नव्हते.

तरीही लिहिणाऱ्याने ते वाक्य रचून लिहिले आहे असे तिला वाटेना. रचून लिहिणारा माणूस जास्त शब्द खर्च करतो. याने जे पाहिले ते लिहिले होते. काळ्या काचेत त्याला मागे उभा असलेला एक माणूस दिसला होता. घरचा गडी असेल असे त्याने धरले असणार. आणि मग, केव्हातरी, त्याने वळून पाहिले असणार. चहा त्यानंतर राहिला.

अभिप्राय खरा होता. खोटा असता तर फार सोयीचे झाले असते.

समृद्धी महामार्गात बीबीच्या शिवारातली त्यांची जमीन गेली आणि तिच्या जागी पैसा आला, तेव्हा भागवतने गावाच्या पांढरीत, म्हणजे वस्तीत, जुन्या घराच्या जागी बंगला बांधायला काढला. भागवत बियाण्यांचे प्लॉट घेणारा, हिशेबी, हसतमुख माणूस. त्याला दोनच गोष्टींचा अभिमान होता, आपल्या शेडनेटचा आणि आपल्या बापाचा. पाया खोदताना जमिनीत पेव लागले. पेव म्हणजे धान्य साठवायची जमिनीखालची खोली: तोंड एक माणूस दोराने उतरेल इतके, पोट मात्र रांजणासारखे फुगीर. तळाला आणि बाजूंना कडबा आणि निंबाचा पाला लावायचा, ज्वारी ओतायची, तोंडावर दगडी झाकण ठेवून माती लिंपायची. अशी ज्वारी वर्षानुवर्षे टिकते. तिला एक आंबूस, उबट वास येतो. ज्याने तिची भाकर लहानपणी खाल्ली आहे त्याला तो वास आयुष्यभर ओळखू येतो.

छत्रपती संभाजीनगरहून आलेला वास्तुविशारद पेव पाहून हरखला. अंधार आहे, गारवा आहे, बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही. होम थिएटरसाठी अशी आयती खोली उभ्या मराठवाड्यात त्याने पाहिली नव्हती. मग पेवाचे पोट चौकोनी करून वाढवले, बाजूने जिना काढला, भिंतींना गडद निळे कापड लावले, खाली गालिचा अंथरला आणि मागे-पुढे दोन रांगांत पाय पसरता येतील अशा खुर्च्या मांडल्या. छतातले जुने तोंड मात्र तसेच ठेवले, दोन रांगांच्या मधल्या मोकळ्या जागेच्या बरोबर वर. त्याच्या कडेने मंद दिव्याची पट्टी फिरवली. वर अंगणात मूळचे दगडी झाकण होतेच. वास्तुविशारद त्याला वारसा म्हणाला.

पेवातून काय निघाले ते पुष्पांजलीने फोनवर विचारले होते. काळी पडलेली, ढेकळे झालेली ज्वारी, भागवत म्हणाला. ट्रॅक्टरने वावरात नेऊन पसरली. ती चिडली. चाळून पाहिल्याशिवाय जुन्या खड्ड्यातली ओंजळभर मातीही टाकायची नसते, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळते, असे तिने सुनावले.

“ताई, नासकी ज्वारी हाय ते,” भागवत हसून म्हणाला. “मोहेंजोदडो नाही.”

या पेवाला घराच्या इतिहासात मानाचे पान होते. पुष्पांजली ते पान त्याच सुमारास लिहीत होती. वडिलांचे, म्हणजे घरात आबा म्हणत त्या कारभारींचे, सहस्रचंद्रदर्शन पौषात व्हायचे होते. त्या दिवशी गौरवग्रंथ निघणार होता, त्याची संपादक ती होती; आणि निवडक पाहुण्यांना नव्या थिएटरात वडिलांच्या आयुष्यावरची फिल्म दाखवायची होती. ग्रंथातला पेवावरचा लेख तिचा स्वतःचा होता, आणि त्यात एक वाक्य होते ज्याच्यावर ती स्वतःच खूश होती: ‘आमच्या पेवाच्या तोंडाशी आलेला माणूस कधी रिकामा परतला नाही.’ तिचे नाव त्या वाक्याखाली छापले जाणार होते. उभ्या जन्मात तिने पुराव्यावाचून एकही वाक्य नावाखाली घातले नव्हते. या वाक्याचा पुरावा तिचा बाप होता, आणि तो तिला पुरेसा वाटत आला होता.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. लेव्हीची, म्हणजे सरकारी धान्यवसुलीची, जीप गावात आली, घरोघरची धान्ये तपासू लागली. कारभारींच्या अंगणात पेवांची ओळ होती. त्यांतल्या सर्वांत मोठ्या, भरलेल्या पेवाचे झाकण लावून, वरून माती सारवून त्यांनी त्यावर बाज टाकली आणि ते तिच्यावर आडवे झाले. जीप चावडीपुढे मुक्काम ठोकून होती तोवर त्यांनी बाज सोडली नाही. तिथेच जेवले, तिथेच झोपले. साहेब अंगणात आले, पाणी पिऊन गेले. जीप हलली तशी कारभारींनी बाकीची पेवे उघडली आणि गावाला ज्वारी वाटली. ज्याच्यावर बाज होती त्या पेवात मात्र पाणी शिरून दाणा नासला, म्हणून ते तसेच बुजवले; पाया खोदताना लागले ते हेच. अशी ती हकिकत. बीबीत ती शाळेच्या गॅदरिंगमध्ये सांगत, आणि सांगणाऱ्याची मान आपोआप ताठ होत असे.

आणि रीत. पेवाचे झाकण लावायचा मान घरच्या कर्त्या पुरुषाचा. झाकण सरकवण्याआधी त्याने तोंडाशी वाकून आत हाक मारायची, “हाय का कोनी?” आतून ओ आली तर दोर सोडायचा. ओ आली नाही तरच झाकण लावायचे. पेवे गेली तरी कारभारींनी रीत सोडली नाही. गोठ्याचे दार, गोदामाचे शटर, मोटारीची खोली, काहीही बंद करण्याआधी ते आत हाक मारत. पुष्पांजलीने ती सवय बापाकडून जशीच्या तशी उचलली होती. विभागाच्या ग्रंथालयाला कुलूप लावण्यापूर्वी ती रिकाम्या कपाटांच्या रांगांत हाक मारी. मॅडम, तुम्ही फ्रीज बंद करतानाही विचारता का, असे एका विद्यार्थिनीने निरोप समारंभात विचारले होते, आणि सगळ्यांबरोबर तीही हसली होती. हसताना तिला अभिमानच वाटला होता. ज्या घरात झाकण लावण्याआधी माणसाची चौकशी होते, त्या घरची ती होती.

आता टीव्ही.

टीव्ही निवडणे हे भागवतने लग्न जुळवण्याच्या गांभीर्याने घेतले. जालना, अकोला, संभाजीनगर अशा सगळ्या दुकानांतून तो ताईला फोटो पाठवी: एका भिंतीवर ओळीने लावलेले टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच पोपट, कुठे हिरवा, कुठे जास्त हिरवा. प्रोजेक्टर आणि पडदा हा विचार त्याने पहिल्याच आठवड्यात सोडला. पांढऱ्या पडद्यावरचा सिनेमा त्याला जत्रेतला वाटे. त्याला काळा हवा होता, खरा काळा, ज्यात रात्र रात्रीसारखी दिसते. ताई वाचणारी, म्हणून मापे तिने काढावीत असे ठरले. तिने खुर्चीपासून भिंतीचे अंतर, बसलेल्या डोळ्यांची उंची, नजरेचा कोन यांवर चार निबंध वाचून काढले आणि पंचाहत्तर इंच पुरेत असा निष्कर्ष कळवला. देऊळगाव राजाच्या एका जिनिंगवाल्याकडे पंच्याऐंशी इंची आहे असे भागवतला कळले, तेव्हा हा निष्कर्ष तिथेच संपला.

मेहकरचा अकरम या व्यवहारात मधला माणूस होता. त्याच्या वडिलांनी, फकीर मोहम्मद यांनी, कारभारींना त्यांचा पहिला रेडिओ विकला होता. तेव्हापासून या घरात येणारी बोलणारी प्रत्येक वस्तू त्याच दुकानातून आली. अकरमचे मत सुरुवातीपासून वेगळे होते. बंद खोली, गडद भिंती, तर काच चकचकीत नको; मॅट घ्या, त्यात खोलीची सावली पडत नाही. भागवतने मॅट पडदा पाहून नाक मुरडले. राखुंडी फासल्यावानी दिसते, म्हणाला.

अंदाज यावा म्हणून दिवाळीच्या सुट्टीत दिवाणखान्यातला जुना पंचावन्न इंची टीव्ही खाली नेऊन एका चौरंगावर ठेवला. भर दुपार होती. वर अंगणात करिष्मा अनारशांचे पीठ वाळवत होती. बहीण-भाऊ पुढच्या रांगेत बसले. थोडे क्रिकेट पाहिले. बोलायचे म्हणून भागवतने टीव्ही बंद केला आणि अंतराचा हिशेब सांगू लागला.

काळ्या काचेत पुष्पांजलीला खुर्च्यांचे पाय दिसत होते, तिची स्वतःची साडी, भागवतची चप्पल. आणि खुर्च्यांच्या मधल्या फटीतून, मागे, दोन अनवाणी पाय.

टाचा भेगाळलेल्या. घोट्यापर्यंत पांढुरकी धूळ, ज्वारीच्या राशीत उभ्या राहिलेल्या माणसाच्या पायांवर असते तशी.

ती वळली. दोन रांगांच्या मध्ये गालिचा होता, नवा, ज्याच्यावर बोट फिरवले तरी रेघ उमटत होती. त्याच्यावर काही उमटलेले नव्हते.

तिने भावाला काही सांगितले नाही. डोळ्यांवर ताण, उंचीचा कोन, अपेक्षेचा परिणाम, असे एकेक कारण तिने नीट रचून ठेवले. त्या रात्री जेवताना तिने करिष्माला, भाकरी कोणत्या ज्वारीची, एवढेच विचारले. भाकरी नव्हतीच, पोळ्या होत्या. खालचा तो आंबूस वास मात्र जेवणापर्यंत तिच्यासोबत वर आला होता.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा अकरमने पंचाहत्तर इंची टीव्ही दाखवण्यापुरता आणून बाकावर टेकवला होता. त्याने रंग दाखवले, आवाज दाखवला, मग काळा किती काळा आहे हे दाखवण्यासाठी बंद केला.

“मांगं कोन उभं हाय बे?” भागवतने विचारले. त्याने वळून पाहिले. मग पुन्हा काचेकडे.

या वेळी काचेत छातीपर्यंत होते. खोचलेले धोतर, उघडे पोट, कमरेला दोर. दोराचे मोकळे टोक मांडीवर लोंबत होते. दोन्ही हात वर उचललेले, कोपरांपासून पुढे काचेच्या कडेने कापलेले. छाती वरखाली होत नव्हती.

अकरमने खिशातला रुमाल काढून टीव्हीचा पडदा पुसला, एकदा, अदबीने, आणि प्लग काढला.

“भाऊ,” तो म्हणाला, “ह्या खोलीले मॅटच घ्या. नाहीतर वरतीच बसवा.”

“पॅनेलचा डाग हाय,” भागवत म्हणाला. “अन् डागाले भेऊन मी टीव्ही निवडू? कारभारीचा पोरगा मी?”

पुष्पांजलीने त्याला अडवले नाही. यात भीती नव्हती, असे ती स्वतःला सांगे. भूमिती साधी होती: आरसा जेवढा मोठा, तेवढे जास्त आत येते. पायांनंतर छाती. यापुढे काय ते पाहण्यासाठी मोठा आरसा हवा, हे कोणत्याही अभ्यासकाला पटावे. आणि तिला पाहायचे होते. दोर तिने ओळखला होता. पेवात उतरणाऱ्याच्या कमरेला तो असा बांधत, म्हणजे वरच्याला ओढून घेता येई.

अठ्ठ्याण्णव इंची टीव्ही मार्गशीर्षात आला. खोका जिन्यात अडकला, म्हणून दगडी झाकण बाजूला सारून जुन्या तोंडातून टीव्ही उतरवता येईल का असे कोणीतरी सुचवले. आबांनी बाजेवरून नुसती नकाराची मान हलवली आणि तो विषय संपला. कठडा कापून टीव्ही जिन्यानेच नेला. भिंतीवर चढवला. जिल्ह्यात एवढा दुसरा नाही असे भागवतने ज्याला त्याला फोन करून सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी, आवाज उतरवून, कंपनीला तक्रार केली. मग तंत्रज्ञ आला. मग तो अभिप्राय आला.

शनिवारी पुष्पांजली बीबीला पोचली आणि सरळ खाली गेली. भागवत दारातच थांबला. आपण हल्ली खाली बसत नाही, म्हणाला.

बंद पडदा भिंतीएवढा होता. त्यात सगळी खोली मावत होती: दोन्ही रांगा, निळ्या भिंती, छतातल्या तोंडाचे उजळ कडे. आणि त्या कड्याच्या बरोबर खाली तो.

सडपातळ, तरुण. मान मागे टाकलेली, चेहरा वर, तोंडाकडे. दोन्ही तळहात ओठांशी कर्ण्यासारखे धरलेले. तोंड उघडे.

तो त्यांच्याकडे पाहत नव्हता. तो वर ओ देत होता.

पुष्पांजलीने अंगणात जाऊन गौरवग्रंथातला आपला लेख मनातल्या मनात पुन्हा वाचला, परक्याचा वाचावा तसा, आणि तिला राग आला. तो थंड राग होता. आपल्यापेक्षा कमी दर्जाच्या विद्वानाने फसवावे तेव्हा येतो तसा. पेवात पाणी शिरले. बहात्तर साली, जेव्हा विहिरीच्या तळाला वाटीभर पाणी मिळत नव्हते, तेव्हा पेवात पाणी कुठून शिरले? हा प्रश्न तिने पहिल्या वर्षाच्या पोरालाही विचारला असता. बापाला विचारला नव्हता.

आणि गोविंदा. पेवात उतरायला सडपातळ अंगाचा म्हणून गावात त्यालाच बोलावत. तो दुष्काळात सुरतेला गेला आणि तिकडचाच झाला, असे आबा सांगत. त्याची बायको रुक्मिणीबाई जिवंत होती तोवर आबा दर आखाजीला स्वतःच्या डोक्यावरून ज्वारी तिच्या घरी पोचवत. सालदाराच्या घरीसुद्धा न जाणारा माणूस तिथे जातो, याचे गावाला कोण कौतुक. पुष्पांजलीने त्यावर एक परिच्छेद लिहिला होता, सद्गदित झालेला. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा पितरांचा सण आहे. त्या दिवशी मेलेल्यांच्या नावाने घागर भरतात. सुरतेत कमावणाऱ्या माणसाच्या दारी त्याच दिवशी काऊन?

छापखान्यातून फोन येत होते. तिने उत्तर दिले नाही. पुरावा अपुरा होता. साक्षीदार होता, त्याच्यासमोर मूळ साधन उभे करायचे राहिले होते.

कारभारी आजवर थिएटरात उतरले नव्हते. गुडघे दुखतात, म्हणत. पण घरात येणारी मोठी वस्तू आबांनी हो म्हटल्याशिवाय राहत नाही ही घरची रीतच होती, आणि टीव्ही ठेवायचा की परत करायचा हे आता ठरायला हवे होते. रविवारी दुपारी जेवणानंतर पुष्पांजलीने त्यांना तेवढेच विचारले. “आबा, टीव्ही तुम्ही पाहून सांगा. ठेवायचा का?”

त्यांनी तिच्याकडे पाहिले. मग फेटा मागितला. घरातल्या घरात टीव्ही पाहायला त्यांनी फेटा बांधला, काठी घेतली, आणि भागवतचा हात बाजूला सारून एकेक पायरी उतरले. मागच्या रांगेत मधल्या खुर्चीवर, ताठ, पाय न पसरता बसले. पुष्पांजली शेजारी. भागवतने फिल्म लावली आणि तो वर गेला.

पडद्यावर अठ्ठ्याण्णव इंचांत तिचा बाप होता. प्रत्येक सुरकुती, मिशीचा प्रत्येक केस. चांगला होता टीव्ही. हे मान्य करायला हवे होते. पडद्यावरचे कारभारी अंगणातल्या झाकणापाशी उभे राहून सांगत होते: जीप, बाज, साहेबांनी प्यालेले पाणी, वाटलेली ज्वारी. आवाजात कंप नव्हता. पुष्पांजलीला स्वतःचा राग येईल इतका त्या आवाजाचा अभिमान वाटला.

फिल्म संपली. पडदा काळा झाला.

काचेत दोन माणसे बसलेली होती. फेटा, काठी, चष्मा, पांढरे होऊ लागलेले केस. आणि त्यांच्या पुढ्यात, दोन रांगांच्या मधोमध, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर, तिसरा.

त्याची पाठ त्यांच्याकडे होती. तोंड काचेत दिसत होते.

त्याचे हात खाली आलेले होते.

मान वर नव्हती. आज तो वर पाहत नव्हता.

काचेतून तो मागच्या रांगेतल्या मधल्या खुर्चीकडे पाहत होता.

चेहऱ्यावर राग नव्हता. बोलावणे आले की गडी मालकाकडे पाहतो, तसे तो पाहत होता, काय करायचे ते सांगा म्हणून.

खोलीत आंबूस, उबट वास दाटला होता. आबांच्या काठीची मूठ करकरली, तेवढाच आवाज. त्यांनी काचेवरून नजर काढली नाही. हनुवटी एक बोटही खाली गेली नाही.

“टीव्ही चांगला हाय,” ते म्हणाले. “राहू द्या.”

आणि उठले. मधल्या जागेला वळसा घालून, उभ्या माणसाला वाट देतात तसे बाजूने, ते जिन्याकडे गेले. मागून पुष्पांजली. ते वरच्या पायरीवर पोचले होते आणि ती दारात होती. तिचा हात मुठीवर गेला, दार ओढले जाऊ लागले, आणि आयुष्यभर प्रत्येक दाराशी जे झाले होते तेच झाले. ती थांबली, आत वाकली, आणि तिला कळण्याआधी तिच्या तोंडून शब्द गेले.

“हाय का कोनी?”

“ओ.”

लगेच आली. आतून, जवळून, तरुण आवाजात. ओरडलेली नव्हे, नुसती दिलेली.

अंगणातून भागवतने, ताई, मले हाक मारली का, असे विचारले.

कारभारी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. दुपारचे ऊन त्यांच्या मागून येत होते, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. फेट्याचा तुरा तेवढा दिसत होता, ताठ. त्यांनी ओ ऐकली होती. काठी त्यांनी पायरीवर टेकवली होती आणि दुसरा हात कमरेवर होता.

दार अर्धे उघडे धरून पुष्पांजलीने खालूनच विचारले. आवाज तिने वर्गात ठेवते तसा ठेवला. “आबा, जीप आली त्या दिवशी, झाकण लावण्याआधी, तुम्ही आत हाक मारली होती का?”

इतक्या वर्षांत त्यांच्या रीतीवर कोणी बोट ठेवले नव्हते, आणि ते बोट पोटच्या पोरीचे असावे याने ते दुखावले होते, हे तिला अंधारातूनही दिसले. त्यांनी गळा साफ केला. बोलले ते मोठ्याने, प्रत्येक शब्द सुटा, फिल्ममध्ये बोलले होते तसेच.

“रीत म्या मोडली नाही, बाई. म्या हाक मारली व्हती. त्यानं ओ बी देली व्हती. मंग म्या झाकन लावलं.”